वीस आवर्तनांचा हिशेब

संगीताच्या एम. ए. वर्गात शिकणारी मुलगी वा मुलगा ज्या घरात असेल, तेथे परीक्षेच्या सुमारास आलेला पाहुणा एक प्रश्न हमखास विचारतो : "किती राग येतात?" प्रश्न आपुलकीचा असतो, परंतु मंचप्रदर्शनाच्या परीक्षेशी त्याचा संबंध थोडाच. इतर प्रात्यक्षिकांत अनेक रागांची ओळख दाखवावी लागते हे खरे. मंचावर मात्र एक राग निवडून तो श्रोत्यांपुढे मैफलीसारखा मांडायचा असतो, आणि तोही नेमून दिलेल्या वेळात. ही वेळ विद्यापीठागणिक वेगळी असते; आपण येथे अर्धा तास धरून चालू.

विलंबित एकतालाच्या मात्रा १२. एका मात्रेला ४ सेकंद लागतील अशी लय ठेवली, तर एक आवर्तन ४८ सेकंदांचे होते. आरंभीची आलापी, द्रुत बंदिश आणि शेवटचे एखादे भजन किंवा ठुमरी यांसाठी १४ मिनिटे राखली, तर बड्या ख्यालाला उरतात १६ मिनिटे, म्हणजे अवघी २० आवर्तने. दोन वर्षांच्या अभ्यासाची सारी मिळकत समेवर वीस वेळा येण्यात खर्च करावयाची आहे, हे ज्या विद्यार्थ्याला वेळीच उमगले, त्याची निम्मी तयारी झाली म्हणावयास हरकत नाही.

पुष्कळांची चूक होते ती येथेच. समोर परीक्षक पाहून मन बावरते आणि चौथ्या-पाचव्या आवर्तनातच गळा तार षड्जावर जाऊन बसतो. पुढे सांगण्यासारखे काही उरत नाही. मग तानांमागून ताना सुरू होतात. त्यापेक्षा मंद्र आणि मध्य सप्तकांत आठ-नऊ आवर्तने निवांत काढावी, तार षड्ज दहाव्याच्या सुमारास यावा, अंतऱ्यानंतर बोलअंगाला जागा द्यावी आणि ताना अखेरच्या पाच-सहा आवर्तनांत घ्याव्या. ही आखणी काही शिलालेख नव्हे. पण आखणीच नसेल तर मोडणार तरी काय?

गुरुगृही राहून शिकण्याच्या काळी घड्याळाचा हा जाच नव्हता. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, १९२६ मध्ये पंडित भातखंडे यांच्या प्रेरणेने लखनौचे संगीत महाविद्यालय उभे राहिले, आणि वर्ग, अभ्यासक्रम व परीक्षा यांच्या वाटेने गाणे सामान्य गृहस्थांच्या घरांत, विशेषतः मुलींपर्यंत, पोचले. हा लाभ फार मोठा आहे. रागांची संख्या मोजण्याची खोड मात्र त्याच वाटेने आली, असे आम्हांस वाटते. वेळ थोडा म्हणून गाणे उणे होते असेही नाही. सूरश्री केसरबाई केरकर यांची जी भैरवी १९७७ मध्ये 'व्हॉयेजर' यानांवरील तबकड्यांतून अंतराळात गेली, ती केवळ साडेतीन मिनिटांची आहे.

राग ठरविण्यापूर्वी परीक्षेची वेळ विचारून घ्यावी. सकाळी अकराला बोलावणे असताना यमनची तयारी करून बसणे योग्य नव्हे. त्या प्रहराला जौनपुरी किंवा सारंगाचा एखादा प्रकार शोभेल. दक्षिणेतील आमच्या वाचकांना ही अडचण तितकी जाणवणार नाही, कारण कर्नाटक पद्धतीत समयाचे बंधन एवढे कडक नाही. तेथे प्रश्न निराळा असतो : वर्णमने आरंभ करून मुख्य कृतीला पुरेसा अवकाश कसा राखावा?

तबल्याच्या ठेक्यासाठी हल्ली भ्रमणध्वनीतले यंत्र घरोघरी असते. रोजच्या रियाजाला ते सोयीचे आहे. पण यंत्र गाणाऱ्याकडे पाहत नाही. लय तसूभर वाढली तर सावरून घेणे किंवा मुखडा उचलताना दाद देणे ही माणसाची कामे. म्हणून ज्या तबलजींची साथ असेल त्यांच्याबरोबर निदान चार-पाच बैठका व्हाव्यात आणि हवी ती लय त्यांना तोंडाने मोजून सांगता यावी.

घरच्या मंडळींना सूर कळत नसले तरी करण्याजोगे एक काम आहे. रविवारी चार शेजारी बोलवावे, मुलीला सतरंजीवर बसवावे आणि वडिलांनी कागद-पेन्सिल घेऊन मुखडा परत आला की एक रेघ ओढावी. तार षड्ज कितव्या रेघेला आला तेथे खूण करावी. चूक झाली तरी गाणे थांबवू नये, हा एकच नियम. असे तीन-चार रविवार गेले की कागदच बोलू लागतो.

शेवटचे दोन दिवस आवाज मोकळा सोडून गाणे नको. बंदिशी गुणगुणाव्यात, झोप पुरी घ्यावी. नवी औषधे आणि शेजारणींचे काढे दूरच बरे. तंबोरे सभागृहात तासभर आधी न्यावे, कारण हवा बदलली की तारा उतरतात वा चढतात. राग मारवा असेल तर पंचम वर्ज्य, तेव्हा पहिली तार निषादाला लावावी, मालकंसात मध्यमाला. पहिल्या रांगेत आईवडिलांनी बसावे की मागे, हे मात्र मुलीलाच विचारावे.