अनामत म्हणजे मिळकत नव्हे

दुकानाचे बस्तान बसले आणि घरखर्च भागवून चार पैसे शिल्लक राहू लागले, की आपल्या व्यापारी कुटुंबांत पहिला विचार येतो तो जागेचा. ‘एखादा फ्लॅट घेऊन ठेवावा, भाडे आपोआप येत राहील,’ असे वडीलधारे सांगतात आणि तरुण ते मान्य करतात. सल्ला चुकीचा नाही, परंतु त्यातील ‘आपोआप’ हा शब्द फसवा आहे. याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे, म्हणून तो येथे नमूद करतो.

आमचा पहिला फ्लॅट आम्ही एका नोकरदार कुटुंबाला दिला. माणसे सज्जन होती. करार तोंडीच झाला. अनामत म्हणून घेतलेले साठ हजार रुपये मी दिवाळीच्या मालात गुंतवले. दीड वर्षाने त्या गृहस्थांची अचानक बदली झाली आणि त्यांनी अनामत मागितली, तेव्हा माझा पैसा उधारीत अडकलेला होता. मी वेळ मारून नेली. पुढे तर भिंतींचा रंग आणि नळांची दुरुस्ती असे खर्च सांगून रक्कम कमी करू पाहिली. तेव्हा वडिलांनी मला पेढीवर बोलावून एवढेच विचारले, “ही रक्कम आपल्या वहीत कोणत्या बाजूला लिहिली होतीस?” मी ती कोठेच लिहिली नव्हती. त्याच आठवड्यात वडिलांनी स्वतः जाऊन पूर्ण रक्कम परत केली. पैसे गेल्याचे दुःख नव्हते. ज्या गावात आपल्या शब्दावर माल मिळतो, त्या गावात एका कुटुंबाने आपल्याविषयी वेगळे मत घेऊन जावे, याची बोच अजून आहे.

अनामत हे देणे आहे. ती वेगळ्या खात्यात किंवा अल्पमुदतीच्या ठेवीत ठेवावी आणि वहीत देण्याच्या बाजूला लिहावी. भाड्याच्या व्यवहारातील हा पहिला धडा होय.

दुसरा धडा हिशेबाचा. सर्व खर्चासह ४० लाखांना पडलेल्या फ्लॅटचे भाडे दरमहा १२,००० रुपये येते असे धरू. वर्षाचे १,४४,००० म्हणजे ३.६ टक्के झाले. परंतु भाडेकरू बदलताना जागा एक महिना रिकामी राहिली तर १२,००० गेले. सोसायटीचा देखभाल खर्च १८,०००, मालमत्ता कर ६,००० आणि रंगरंगोटी, दुरुस्ती व करारनोंदणी यांसाठी १२,००० धरले, तर एकूण वजावट ४८,००० होते. हाती ९६,००० उरतात, म्हणजे केवळ २.४ टक्के. यातच ३० लाखांचे कर्ज ८.५ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी घेतले असेल, तर हप्ता सुमारे २६,००० रुपयांचा बसतो. याचा अर्थ दरमहा निदान चौदा हजार रुपये दुकानाच्या गल्ल्यातून जाणार. मंदीच्या मोसमातही दुकानाला हे ओझे पेलेल काय, हा प्रश्न घर घेण्यापूर्वी विचारावा. जागेचा भाव वाढेल या आशेवर हप्ते फिटत नाहीत.

तिसरा धडा कागदाचा. ‘अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही’ असा समज आपल्याकडे अजूनही आढळतो. महाराष्ट्रात तो चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. लेखी नोंदणीकृत करार नसेल, तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. लिव्ह अँड लायसन्सच्या करारावरील मुद्रांक शुल्क, मुदतीचे एकूण भाडे आणि परतफेडीच्या अनामतीवर दरसाल १० टक्क्यांनी धरलेले व्याज यांच्या बेरजेवर, अवघे पाव टक्का आहे. वर उल्लेखिलेल्या फ्लॅटसाठी ते काही शे रुपयेच होते.

हा कागद मालकाचेही रक्षण करतो. राहण्यासाठी दिलेल्या घराची लायसन्सची मुदत संपूनही ते रिकामे झाले नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि पुढील काळासाठी दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. मात्र रागाच्या भरात वीज वा पाणी तोडण्यास कायद्याने मनाई आहे. मिळालेल्या भाड्याची पावती देणे हेही मालकाचे कर्तव्य आहे.

सोसायटीचा एक प्रश्न नेहमी उद्भवतो. घर भाड्याने दिल्यास सोसायटी बिनभोगवटा शुल्क आकारू शकते, परंतु ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक असू शकत नाही. नगरपालिकेचे कर या हिशेबात धरायचे नसतात. अधिक आकारणी होत असल्यास शांतपणे लेखी हरकत घ्यावी.

प्राप्तिकराच्या बाबतीत, मिळालेल्या भाड्यातून मालकाने प्रत्यक्ष भरलेला मालमत्ता कर वजा होतो आणि उरलेल्या रकमेतून दुरुस्ती वगैरेंसाठी सरसकट ३० टक्के सूट मिळते. तिच्यासाठी पावत्या दाखवाव्या लागत नाहीत. पतीच्या पैशाने पत्नीच्या नावे घर घेतले, म्हणजे त्या भाड्यावरील पतीचा कर टळला, असे मात्र समजू नये. ते उत्पन्न सामान्यतः पतीच्याच खाती धरले जाते.

शेवटी एक साधी पद्धत सुचवितो. भाडेकरू राहण्यास येईल त्या दिवशी दोघांनी मिळून घर पाहावे. नळ, पंखे, दारे, भिंती यांची स्थिती यादीत लिहावी, छायाचित्रे काढावीत आणि वीजमीटरचे आकडे नोंदवून दोघांनी सह्या कराव्यात. घर सोडतानाही तीच यादी समोर ठेवावी. अनामतीतून काही वजा करायचे असल्यास त्याचे बिल दाखवावे आणि बाकी रक्कम किल्ली हाती येताच द्यावी.

आमच्या घरी आज अशी स्वतंत्र वही आहे. तिच्या पहिल्या पानावर देण्याच्या बाजूला अनामतीची रक्कम लिहिलेली असते. मुलगा जमा-खर्च मांडायला बसला, की मी त्याला आधी तेच पान उघडायला सांगतो.