ज्वालामुखीवर खापर कशाला?
'एक ज्वालामुखी फुटला की माणसाचा सगळा धूर फिका पडतो,' असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांना आम्ही हिशेब विचारतो. जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला ५० कोटी टनांपेक्षाही कमी कार्बन डायऑक्साइड सोडतात. कोळसा, तेल, वायू जाळून माणूस सोडतो ३,५०० कोटी टनांहून अधिक. १९९१ साली फिलिपाइन्समध्ये पिनातुबो फुटला, तेव्हा सुमारे ५ कोटी टन बाहेर पडला. तेवढा आज माणूस अर्ध्या दिवसात सोडतो!

ज्वालामुखीला जाब विचारता येत नाही, म्हणून खापर त्याच्यावर. नफा कोळसा विकणाऱ्याचा, चटके मात्र उन्हात राबणाऱ्याला. माणसाने केलेला अन्याय निसर्गाच्या नावावर खपवण्याची ही युक्ती आम्ही पुरती ओळखून आहोत.