कापसाचें मूळ आणि आपली जमीन

पीक मूळचें कोठलें, हा प्रश्न पुष्कळांस पुस्तकी वाटतो. आमच्या मतें तो शेतकऱ्याच्या जमाखर्चाचा आहे. कारण पीक ज्या मुलखांत उपजलें तेथील हवापाण्याच्या सवयी तें बरोबर घेऊन येतें. कापसाचेंच उदाहरण घ्यावें.

देशी कापूस या भूमींत हजारों वर्षें पिकत आला आहे. मोहेंजोदडो येथें सुती कापडाचे अवशेष सांपडले आहेत. त्याचें मूळ खोल जातें, पावसानें ओढ दिली तरी तो तग धरतो, आणि रस शोषणाऱ्या किडींस सहसा दाद देत नाहीं. अमेरिकन कापूस मूळचा मेक्सिकोकडील. त्याचा धागा लांब, म्हणून गिरण्यांस तो प्रिय. १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी चालली तेव्हां आपल्याकडील कापसाचे भाव गगनास भिडले. ती संपतांच ते कोसळले. भाव परक्याच्या हातीं आणि कर्ज आपल्या नांवावर, हा धडा तेव्हांचाच आहे.

पुढें १९७० सालीं सुरतेस संकरित कापूस निघाला व २००२ सालीं बीटी वाणांस परवानगी मिळाली. उत्पन्न वाढलें, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु संकरित बियाणें दर सालीं विकत घ्यावें लागतें. घरची सरकी चालत नाहीं. २०१७ सालीं तर गुलाबी बोंडअळीनें विदर्भ-मराठवाड्यांत बीटीचींहि बोंडें पोखरलीं. यांत आपल्या रीतीचाहि दोष आहे. फरदडीच्या लोभानें पीक मार्चपर्यंत उभें ठेवणें म्हणजे अळीसाठीं अन्नछत्र घालणें होय.

कोणी म्हणतील, परकें पीक टाकूनच द्यावें. मग मिरची, भुईमूग व तंबाखू हींहि टाकावीं लागतील. तीं सारीं अमेरिका खंडांतलींच. दोष परकेपणाचा नसून जमीन न पाहतां सरसकट एकच पीक पेरण्याचा आहे. भारी व पाण्याच्या जमिनींत अमेरिकन वाण खुशाल घ्यावा. हलक्या कोरडवाहूंत देशीच बरा. परभणीच्या कृषि विद्यापीठानें लांब धाग्याचे देशी वाणहि काढले आहेत.

अडचण विक्रीची आहे. एकट्यादुकट्याचा देशी माल बाजारांत वेगळा कोण मोजणार? तेव्हां सभासदांनीं एका शिवारांत एकच वाण पेरावा, आणि मंडळानें तो माल निराळा गोळा करून निराळा विकावा. खरिपाचें बियाणें घेण्यापूर्वींच हा ठराव व्हावा, अशी आमची सूचना आहे.