दुपारच्या प्रहरी पॉल हार्वे

पॉल हार्वे यांचा आवाज अमेरिकेतल्या गावोगावच्या रेडिओ केंद्रांनी अर्धशतकाहून अधिक काळ ऐकवला. १९१८ साली तल्सा येथे जन्मलेले हार्वे शाळकरी वयातच तिथल्या केव्हीओओ केंद्रात कामाला लागले. १९५१ पासून शिकागोहून एबीसी या प्रसारण कंपनीच्या रेडिओ जाळ्यावर त्यांचे ‘न्यूज अँड कॉमेंट’ देशभर जाऊ लागले आणि भरभराटीच्या काळात बाराशेहून अधिक केंद्रे ते प्रसारित करत.

दुपारचे हे पंधरा मिनिटांचे सदर छोट्या केंद्रांचा मोठाच आधार होते. शेतीपट्ट्यात धान्याचे भाव आणि हवामान सांगून झाले की हार्वे लागत. लांबलचक विराम घेत बोलत, मग त्याच सुरात जाहिरातही स्वतःच वाचत. बातमी कुठे संपली आणि विक्री कुठे सुरू झाली हे श्रोत्याला कळू नये, हा दोष गंभीरच म्हणावा लागेल. मात्र जाहिराती वाचत म्हणून हार्वे श्रोत्यांच्या मर्जीनेच बोलत, हे खरे नव्हे. व्हिएतनाम युद्धाचे ते कट्टर समर्थक. तरी १९७० मध्ये युद्ध कंबोडियात शिरताच त्यांनी अध्यक्ष निक्सन यांना जाहीर विरोध केला.

१९७६ मध्ये हार्वे यांचे ‘द रेस्ट ऑफ द स्टोरी’ हे स्वतंत्र सदर सुरू झाले. पुढे १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीकडे देशभरात किती केंद्रे असावीत यावरची मर्यादा उठवली आणि हार्वे ज्यांचा आधार होते तशी असंख्य स्थानिक केंद्रे मोठ्या कंपन्यांच्या हाती गेली. हार्वे २८ फेब्रुवारी २००९ रोजी निवर्तले. त्याआधी, २००७ मध्येच, एबीसीचे रेडिओ जाळे सिटाडेल कंपनीकडे गेले होते.