वाहत्या कानापुढे निष्प्रभ ठरणारी प्रतिजैविके

नवी दिल्ली : कान वाहणे हा आजही अनेक घरांत किरकोळ त्रास समजला जातो. मात्र, पडद्याच्या छिद्रातून वारंवार पू येणे, म्हणजेच मध्यकर्णाचा जुनाट संसर्ग, हे बालवयातील टाळता येण्याजोग्या श्रवणदोषाचे एक प्रमुख कारण आहे. तो मेंदूपर्यंत पोहोचल्यास जिवावर बेतू शकते. त्याला कारणीभूत जिवाणू प्रचलित औषधांना दाद देईनासे झाल्याने या दुखण्याचे गांभीर्य वाढले आहे.

अशा कानांत प्रामुख्याने स्युडोमोनास एरुजिनोसा आणि स्टॅफिलोकोकस ऑरियस हे जिवाणू आढळतात. पहिल्यावर अमॉक्सिसिलिनसारखी नेहमीची औषधे मुळातच परिणाम करीत नाहीत; दुसऱ्याचा मेथिसिलिनरोधी प्रकार रुग्णालयांची डोकेदुखी ठरला आहे. हे जिवाणू चिकट थर तयार करून त्याआड तग धरतात. पू थांबताच औषध बंद केले, की सर्दीचे किंवा कानात पाणी जाण्याचे निमित्त होऊन कान पुन्हा वाहू लागतो आणि उरलेल्या जिवाणूंना रोधकता कमावण्याची आणखी एक संधी मिळते.

येथे एक महत्त्वाची बाब दुर्लक्षिली जाते. पोटातून घेतलेल्या औषधापेक्षा थेंबांमुळे मध्यकर्णात कितीतरी पट अधिक मात्रा पोहोचते. प्रयोगशाळेतील निकष मुख्यतः रक्तातील मात्रेवर बेतलेले असल्याने, अहवालात रोधक ठरलेला जिवाणूही सिप्रोफ्लॉक्सासिनच्या थेंबांपुढे नमू शकतो. त्यासाठी कान आधी स्वच्छ आणि कोरडा करणे आवश्यक असते. पुवाने भरलेल्या कानात औषध नीट पोहोचत नाही.

धोरणांची उणीव नाही. बधिरता प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ मध्ये २५ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला. तिसऱ्या पिढीतील सेफॅलोस्पोरिनसह अनेक औषधांच्या विक्रीची नोंद ठेवणे मार्च २०१४ पासून औषध विक्रेत्यांना बंधनकारक आहे. खरा प्रश्न अंमलबजावणीचा आहे. चिठ्ठीविना मिळणाऱ्या गोळ्या, कानात तेल घालण्याची सवय आणि पुवाची तपासणी न करताच बदलली जाणारी औषधे हे चित्र बदललेले नाही.

प्राथमिक आरोग्य केंद्रांत कान स्वच्छ करण्याची सोय, उपचार पूर्ण करण्याबाबत समुपदेशन आणि पडद्याचे छिद्र बुजविणारी शस्त्रक्रिया वेळेत होणे, हे उपाय नव्या प्रतिजैविकाच्या शोधापेक्षा स्वस्त आहेत. त्यांना विलंब झाल्यास त्याची किंमत वर्गात शिक्षकांचे बोलणे ऐकू न येणाऱ्या मुलांना मोजावी लागेल.