काळी संडास म्हणजे "उष्णता" नव्हे!

मंडळी, आज राजकारण नाही. विषय घाण वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा.

आमच्या ओळखीतले एक काका. लिव्हरचा कॅन्सर होता. शहरात उपचार चालू होते, तब्येत बरी होती, ओट्यावर बसून गप्पा मारायचे. कंबर दुखते म्हणून पोरानं मेडिकलवरून गोळ्या आणल्या. चार दिवसांनी संडास काळी व्हायला लागली, डांबरासारखी. घरचे म्हणाले, उष्णता झाली, ताक प्या. तिसऱ्या रात्री रक्ताची मोठी उलटी. गाडी मिळेपर्यंत तास गेला. पहिल्या दवाखान्यात सलाईन लावलं आणि चिठ्ठी हातात दिली, "शहरात न्या." फुलंब्रीच्या अलीकडेच काका गेले.

दहाव्याला जो तो एकच बोलत होता, "कॅन्सर होता, जाणारच होते."

मला हे वाक्य पटत नाही. काका त्या रात्री रक्तस्रावानं गेले. आणि या आजारात रक्तस्राव होऊ शकतो हे डॉक्टरी शास्त्राला आजकाल कळलेलं नाही, केव्हाचं माहीत आहे.

मी डॉक्टर नाही, बातमीदार आहे. पण चार डॉक्टरांना विचारून समजून घेतलं ते असं. लिव्हरचा कॅन्सर बहुतेक वेळा आधीच खराब झालेल्या, आकसून कडक झालेल्या लिव्हरमध्ये होतो. आतड्याकडून येणारं रक्त अशा लिव्हरमधून नीट पुढे जात नाही. चारीत गाळ साचला की पाणी बांधावर चढतं, तसं ते रक्त अन्ननलिकेच्या खालच्या शिरांमध्ये तुंबतं. शिरा फुगतात, एक दिवस फुटतात. कॅन्सरची गाठ मुख्य शिरेत शिरली तर दाब आणखी वाढतो. अशी शीर फुटल्यावर उपचार मिळूनही शंभरातले पंधरा-वीस रुग्ण दीड महिन्याच्या आत दगावतात. ज्यांना उपचारच मिळत नाहीत त्यांचं काय, ते सांगायला नको.

"दारू पीत असतील," असं म्हणून मोकळं होणाऱ्यांसाठी: काका माळकरी होते. कावीळ बी, कावीळ सी, शुगर आणि चरबीनंही लिव्हर जातं. १९८२ साली 'कुली'च्या अपघातानंतर दिलेल्या रक्तातून कावीळ बी झाली आणि पंचाहत्तर टक्के लिव्हर गेलं, हे खुद्द अमिताभ बच्चन यांनी जाहीर सांगितलंय. माणूस ऐंशी पार करून काम करतोय. वेळेवर तपासणी हाच फरक.

आता माझे तीन सवाल.

एक. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत का? दुर्बिणीनं अन्ननलिका तपासता येते, फुगलेल्या शिरांना रबराचं बँड बांधता येतं, दाब कमी करणाऱ्या गोळ्या असतात. हे नातेवाइकाला मराठीत पाच मिनिटं सांगायला काय जातं? "काळी संडास झाली तर लगेच या" एवढी एक ओळ काकांच्या कार्डावर मराठीत असती तर ताक पाजलं नसतं.

दोन. डायक्लोफेनॅक चिठ्ठीशिवाय विकायला कायद्यानं बंदी आहे. मग ती गोळ्या-बिस्किटांसारखी मिळते कशी? लिव्हरच्या रुग्णाला अशा गोळ्या पोटात रक्तस्राव घडवू शकतात. मेडिकलवाले आपलेच भाऊबंद आहेत, म्हणून आपण बोलत नाही. आज बोलतोय.

तीन. अशा रुग्णाला दुर्बिणीआधीच, संशय येताच, शिरांमधला दाब उतरवणारं इंजेक्शन सुरू करायचं असतं. सोबत अँटिबायोटिक. हे मोठ्या शहरातलं यंत्र नाही, इंजेक्शन आहे! ते प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या फ्रिजमध्ये का नसावं? अजिंठ्याहून संभाजीनगर शंभर किलोमीटर. गोळेगाव, सिल्लोड, आळंद, फुलंब्री ओलांडेपर्यंत रुग्णाच्या अंगात रक्त राहतं का? नुसती चिठ्ठी देऊन पाठवणं म्हणजे जबाबदारी रस्त्यावर टाकणं.

लेण्या पाहायला जगभरातून लोक आपल्या गावात येतात. पुढाऱ्यांना त्यांची काळजी आहे, असावीच. आमची कधी?

तोवर आपण काय करायचं ते लिहून ठेवा. घरात लिव्हरचा रुग्ण असेल तर दुर्बिणीची तपासणी झाली का, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा. दुखण्याची कुठलीही गोळी, पॅरासिटामॉलसुद्धा, विचारल्याशिवाय देऊ नका. डांबरासारखी चिकट, उग्र वासाची संडास, रक्ताची किंवा कॉफीच्या रंगाची उलटी, चक्कर, घाम: यातलं काहीही दिसलं की सकाळची वाट बघू नका, १०८ लावा. काविळीची माळ घालत बसू नका. कावीळ बी आणि सीची तपासणी आणि औषधं २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात मोफत आहेत, त्याचा फायदा घ्या.

आपल्या आमदारांना, जिल्हा परिषदेच्या सदस्यांना टॅग करा. इंजेक्शनचा सवाल विचारा. उत्तर आलं की इथंच टाकतो. नाही आलं तर तेही टाकतो.