‘नाटक’ म्हणण्याआधी नीट तपासणी हवी

मारहाण, जाळपोळ किंवा अपघात सोसलेलं माणूस रात्री दचकून उठू लागलं की वस्तीत कुजबुज होते, ‘भरपाईसाठी नाटक चाललंय.’ वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या आम्हा परिचारिकांना हे नेहमी ऐकावं लागतं. खोटे दावे होतात, हे आम्ही नाकारत नाही. पण त्यासाठी सगळ्यांवर संशय घेणं हा उपाय नव्हे.

या आजाराला पीटीएसडी म्हणतात. रक्ताच्या तपासणीत किंवा एक्स-रेत तो दिसत नाही. डॉक्टर चार गोष्टी पाहतात: प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणं, त्याची आठवण टाळणं, मन बधिर किंवा उदास होणं आणि सतत धास्तावलेलं राहणं. हे महिन्याहून जास्त टिकलं आणि कामधंदा, घरसंसार विस्कटला, तरच निदान होतं. सोंग करणारा बहुधा लक्षणं वाढवून सांगतो. खरा रुग्ण लाजेने लपवतो. म्हणूनच पाच मिनिटांत दिलेल्या दाखल्यावर आमचा विश्वास नाही.

विकतचा दाखला घेऊ नका. तो उघडा पडला की पुढच्या खऱ्या पीडितेचंही कोणी ऐकत नाही. रुग्णाला उत्तरं पढवू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, प्रत्येक केसपेपर जपून ठेवा. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी उपचार हा आपला हक्क आहे. तो मागायला लाजू नका.